सैल गाठ

"बांध ना, बघत काय बसलीस?" रोना म्हणाली.

कर्स्टी उजव्या हातात चिंधी धरून उभी होती. डावा हात कोटाच्या बाहीत नुसता लोंबत होता. "एका हाताने गाठ येत नाही, मॅडम."

झऱ्याभोवतीची झाडं चिंध्यांनी लगडली होती. मोजे, रुमाल, शर्टाच्या बाह्या. दुखणाइताच्या अंगावरचं कापड झऱ्यात भिजवायचं, दुखऱ्या जागी फिरवायचं आणि इथे फांदीला बांधायचं. कापड कुजत जाईल तसतसं दुखणं झिजत जातं. ब्लॅक आयल भागातली माणसं अजून हे करतात, आणि रोना गेडिस वीस वर्षं विद्यापीठात अशाच लोकरीती शिकवत आली होती. "खरं की खोटं ते आपण ठरवायचं नाही. कोण सांगतं, कुणाला सांगतं, तेवढं लिहून घ्यायचं," हे तिचं पहिल्या तासाचं वाक्य.

कर्स्टी तिची विद्यार्थिनी. वर्गातल्या प्रदर्शनासाठी तिने काल दुपारी इथली एक चिंधी सोडून नेली. परतल्यावर तिच्या हातातून चहाचा कप पडला. मग दवाखाना, सगळ्या तपासण्या. नस ठीक, हाड ठीक, डोकं ठीक. हात मात्र उठेना.

"गावात तिघांनी मला सांगितलं होतं," कर्स्टी पुटपुटली. "परक्याने चिंधी सोडली की दुखणं त्याच्याबरोबर जातं आणि आजारी माणूस त्याच दिवशी बरं होतं. वाडवडिलांपासून चालत आलंय म्हणे. मी नीट लिहून घेतलं, मॅडम. आणि तरी सोडली."

ते वाक्य वाडवडिलांचं नव्हतं. रोनाचं होतं. मार्चमध्ये गावच्या हॉलमध्ये तिचं व्याख्यान होतं. हीटर बंद, माणसं पेंगायला लागलेली. दुसऱ्याच्या चिंधीला हात लावू नये, एवढंच जुनी माणसं म्हणत. पुढचं शेपूट तिने उभ्या उभ्या मनानेच जोडलं. हॉल खडबडून जागा झाला. तिला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आता हे या पोरीला सांगून टाकायचं. नाचक्की होईल, कदाचित नोकरीवरही येईल. पण भीती गेली की हात सुटेल. तिने तोंड उघडलं.

"ती परत बांधू नका!"

पायवाटेवरून एक म्हातारी धापा टाकत येत होती. पायात गमबूट, स्वेटरवर पिठाचे डाग. रोनाने तिला ओळखलं. जेसी मन्रो. त्या दिवशी हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसली होती.

"चिंधी तुमची का?" रोनाने विचारलं.

"माझ्या लेकीची. इशबेलची. बाळंतपणात तिचा डावा हात गेला. सात महिने झाले. बाळ रडायचं आणि ही नुसती बघत बसायची. काल चारच्या सुमाराला मी चहा टाकत होते. वळून बघते तर पाळणा रिकामा. दोन्ही हातांनी उचललं होतं तिने बाळाला. दोन्ही!"

"चारलाच..." कर्स्टी म्हणाली. "मी चारलाच सोडली."

"ठाऊक आहे मला." जेसीने पहिल्यांदाच त्या लोंबत्या बाहीकडे पाहिलं. "तुम्ही मुलं येणार म्हणून दुकानात कागद लागला होता. सगळ्यात खालच्या फांदीला, वाटेला लागून बांधली मी. गाठ सैल ठेवली. कुणी थोराड बाप्या नेईल असं वाटलं होतं गं. तुझ्यासारखी पोर नेईल असं नव्हतं वाटलं." तिचे डोळे वाहायला लागले. पण ती वाट अडवूनच उभी राहिली.

"बाई, ऐका," रोना म्हणाली. "त्या दिवशी मी जे सांगितलं ना, ते..."

जेसीने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "नका बोलू. खोटं होतं म्हणायचं असेल तर अजिबात नका म्हणू. आत्ता घरात बाळ तिच्या हातात आहे."

रोनाने तो हात बाजूला केला. वारा पडला होता, पाणीसुद्धा आवाज न करता वाहत होतं. आपण यातलं काही मानत नाही, हे तिने मनाशी दोनदा म्हणून पाहिलं. तरी जीभ उचलेना.

"त्या दिवशी एक भाग सांगायचा राहिला," शेवटी ती म्हणाली. आवाज वर्गातला, शांत. "याला उतारा आहे. दुखणं दोघींनाही सोडतं. इशबेललाही आणि हिलाही."

जेसीने डोळे पुसले. "मग जातं कुठे?"

पाण्यात, असं म्हणणं सोपं होतं. शब्द ओठांवर आलाही. पण फुकटात बरं होण्याची गोष्ट कुणाला पटत नाही, हे वीस वर्षं गोष्टी गोळा करून तिला पक्कं ठाऊक झालं होतं. आणि पटलं नाही तर या दोघींपैकी एकीचा हात जाणार होता.

"जिने ही रीत सांगितली तिच्याकडे," रोना म्हणाली.

तिने कर्स्टीच्या हातातून चिंधी घेतली आणि खालच्या फांदीला घट्ट बांधली. मग उजवा हात खिशात घातला आणि डाव्याने गाठ सोडायला सुरुवात केली.

"मॅडम," मागून कर्स्टी एकदम म्हणाली, "माझी बोटं... मॅडम, बघा तरी!"

रोनाने मागे पाहिलं नाही. गाठ सुटलेली तिला दिसली. बोटांना मात्र ती कळली नाही.