सिस्टीम बंद आहे

तीन दिवस 'सिस्टीम बंद आहे' ऐकून हौसाबाई पेन्शन ऑफिसच्या खिडकीशी चौथ्यांदा आल्या होत्या. आज हयातीचा दाखला मिळाला नाही, तर पेन्शन थांबणार होतं. आणि नेमका आजच खिडकीमागच्या सबनीस क्लार्कचा कॉम्प्युटर खरोखरच सुरू होईना.

मेकॅनिक रेश्मा तांडेलने प्लग हलवला, वायर बदलली, बटण दाबलं. मग हसू दाबत म्हणाली, "मशीन ठणठणीत आहे साहेब, पण रुसलंय. या नव्या मॉडेलांना खोटा आळ सोसत नाही. चालू असताना बंद आहे म्हणून कुणाला सांगितलंत?"

सबनीसांनी खिडकीकडे बघायचं टाळलं.

"ज्याला सांगितलंत त्याच्यापुढे कबूल करा. मोठ्याने. मशीनला ऐकू गेलं पाहिजे."

सगळं ऑफिस फायलींत डोकं खुपसून कान देऊन बसलं. सबनीसांचे कान लाल झाले.

"आजी, तिन्ही दिवस सिस्टीम चालू होती. मी... तिच्यावर पत्ते खेळत होतो."

पंखा घरघरला. पडदा उजळला.

"ठाऊक आहे की साहेब," अंगठा पुढे करत हौसाबाई म्हणाल्या. "तुमच्या मागच्या कपाटाच्या काचेत सगळं दिसतं. काल बदामची नव्वी इस्पिकच्या दश्शीवर लागत होती. मी सांगणार होते, पण म्हटलं, साहेब कामात आहेत."