टॉवरचा खास नंबर

विमानतळ दिसायला लागला आणि नेमका तिच्या छोट्या विमानाचा रेडिओ मुका झाला. आता उतरायची परवानगी मागायची कशी? अशा वेळी वैमानिकांनी थेट टॉवरला फोन करावा, म्हणून विमानतळाच्या साहेबांनी गाजावाजा करून एक खास नंबर सुरू केला होता. तिने मोबाइलवरून तो लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज.

"अगं, इंधन किती उरलंय?" शेजारी बसलेल्या मामांनी पट्टा घट्ट धरत विचारलं.

"मामा, तुम्ही बाहेर बघा. दुसरं विमान दिसलं तर ओरडा!"

घिरट्या घालून घालून टाकी तळाला गेली, तेव्हा कुठे टॉवरमधल्या कंट्रोलरचं लक्ष गेलं. त्याने काचेतून हिरवा दिवा दाखवला आणि ती कशीबशी उतरली. घामाघूम मामांना विमानातच सोडून ती तणतणत टॉवरचा जिना चढली. वर साहेब त्या खास नंबरचाच फोन कानाला लावून वार्ताहराला मुलाखत देत होते. तिला बघून त्यांनी हातानेच 'थांबा' अशी खूण केली.



"आमचं काम इतकं चोख आहे," ते फोनवर सांगत होते, "की या नंबरवर अजून एकाही वैमानिकाचा फोन आलेला नाही!"