आईच्या ताटातला हात

डेअरीवाल्यांनी पुन्हा आईच्या ताटात हात घातला. त्यांच्या स्वतःच्या ताटात तीच भाजी होती, तोच भात होता. तरी त्यांनी आईच्या भातात बोटं बुडवून घास उचलला, नाकापाशी नेऊन हुंगला आणि मग तोंडात टाकला. डोळे मिटून मचमच चावला. शेवटी बोटं चाटली. लेकीने आपलं ताट दूर सरकवलं.

ती परदेशात जंतुशास्त्र शिकत होती. दोन वर्षं काचेच्या बशीत जंतू वाढवून मोजणाऱ्या मुलीला चाटलेली बोटं दुसऱ्याच्या ताटात जाताना पाहवेना. आज सकाळीच ती घरी पोचली होती. बॅग खाली ठेवायच्या आत आईने सांगून टाकलं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, आयुष्यभर डेअरीत नोकरी केली. आम्ही दोघं रजिस्टर लग्न करावं म्हणतोय. दुपारी जेवायला येतील, तू बघून घे.

"तू नाही म्हणालीस तर विषय बंद," आई म्हणाली होती. "पुन्हा काढणार नाही."

आई बोलते ते करते, हे लेकीला माहीत होतं. म्हणून ती आता बघत होती, आणि बघण्यासारखं बरंच होतं. गृहस्थांच्या मिशीला रस्सा लागला होता. ढेकर द्यायचे ते अगदी मोकळ्या मनाने. पण ते एक वेळ चाललं असतं, बाबाही जेवताना काही साहेब नव्हते. तिला खरी शिसारी आली ती आईची. नवा पदार्थ वाढला की आई हात मांडीवर ठेवून गप्प बसायची. या माणसाने तिच्या ताटातलं उष्टावायचं, मान हलवायची, मग हिने खायचं. बाबांना कधी पाण्याचा पेला उठून न देणारी बाई साठीला आल्यावर ही थेरं करत होती.

"सवय आहे गं त्यांची," आई हसून म्हणाली. "दुधाच्या प्रत्येक कॅनचं झाकण उघडून वास घ्यायचे. नासकं दूध लांबूनच ओळखायचे."

लेकीला आता दूधही नकोसं झालं.

आई मटण गरम करायला आत गेली, तशी लेक बोलली. आवाज खाली ठेवला, पण शब्दांना साखर लावली नाही.

"तिच्या ताटात हात घालू नका. मला किळस येते."

डेअरीवाल्यांनी तोंडातला घास संपवला. रागावले नाहीत. "बरं," ते म्हणाले. "मग आज तिच्या आधी तू खा. तिच्याच ताटातलं." आणि हातही न धुता उठून दाराबाहेर गेले.

निर्लज्जपणाला काही सुमार असतो, असं तिला वाटलं. काय सांगायचं ते तिचं ठरलं होतं. जेवण आटोपलं की आईला स्पष्ट नाही म्हणायचं.

आईने मटणाचं वाडगं आणून दोघींना वाढलं. कसलासा आंबूस वास आला. तो माणूस मागे सोडून गेला असणार.

"गेले कुठे हे?" आईने विचारलं.

"येतील. तू जेव ना."

"येऊ देत की त्यांना." आईचे हात मांडीवरच होते.

"त्यांच्यावाचून घास उतरत नाही का तुझा? एवढे समुद्र ओलांडून मी आले, मी कोणीच नाही?"

आईने मुकाट्याने घास घेतला. मग दुसरा घेतला.

जिंकल्याच्या समाधानात लेकीने आपला घास तोंडात घातला आणि तसाच ताटात थुंकला. मटण नासलं होतं. आंबट, बुळबुळीत, घशातून परत येईल असं. वास त्या माणसाचा नव्हता, वाडग्याचा होता. आणि समोर आई खाली मान घालून तिसरा घास शांतपणे चावत होती.

"कसं झालंय?" तिने विचारलं. "तू मंगळवारी येणार होतीस ना, तेव्हाच करून ठेवलं होतं."

मंगळवार ते शनिवार लेक वाटेत मैत्रिणीकडे राहिली होती. तिने आईचं ताट ओढून घेतलं. "थुंक. आई, थुंक ते."

आईने थुंकलं. चुळा भरून आली आणि परत खुर्चीवर बसली.

"जानेवारीत ताप आला होता, त्यात नाक गेलं माझं. जीभही गेली. गोड, आंबट, काही कळत नाही. नासकं खाऊन दोनदा दवाखान्यात पडले. दुसऱ्यांदा यांनीच उचलून नेलं. तेव्हापासून ते चाखतात, मग मी खाते. तुला सांगू नका, असं मीच त्यांना बजावलं होतं."

"पण मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय?" आई म्हणाली. "फोनवरून चाखणार होतीस?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. लेकीने नासकं मटण केरात ओतलं, नवं ताट घेतलं, त्यात भात-भाजी वाढली आणि दार उघडलं.

डेअरीवाले जिन्याच्या पायरीवर बसले होते. उष्टा हात वाळला होता, मिशीला रस्सा तसाच होता. लेकीला अजूनही किळस आली. ती काही पाच मिनिटांत जात नाही. फक्त आता ती कोणाची येतेय, हे तिला धड सांगता आलं नसतं.

"महिन्याने मी परत जाणार आहे, लग्न त्याआधी करा," ती म्हणाली. "आत चला. आई ताटावर थांबलीय."