शवागारचा आवाज

“खुर्ची जरा सांभाळून हं, तिचा एक पाय लुळा आहे,” अस्वल म्हणाला.

चरित्रकाराने खुर्ची छातीशी धरली आणि रंगमंचामागचा अरुंद जिना चढू लागला. मागून अस्वलाची आई आली. गळ्याला मफलर, हातात विणकामाची पिशवी. ऐंशी ओलांडलेली बाई, पण जिना कशी तुरुतुरु चढली!

अस्वल हे टोपणनाव; हा ‘शवागार’ या बँडचा गायक. एरवी चष्म्याच्या दुकानात बसणारा, गिऱ्हाइकाशीही हळू बोलणारा माणूस. चाळीस वर्षांपूर्वी, डेथ मेटल या संगीतप्रकाराचं नावही कुणाच्या तोंडी नव्हतं तेव्हा, त्याने आणि तीन मित्रांनी एक कॅसेट काढली. गाणं कसलं, जमिनीखालून कुणी गुरगुरतंय असं वाटायचं. लोकांनी आधी नाकं मुरडली. मग देशोदेशीची पोरं तशीच गुरगुरायला लागली. अस्वल गाताना केस तोंडावर सोडायचा, तर त्यांनीही सोडले. अस्वल माइक दोन्ही मुठींत झाकायचा, तर त्यांनीही झाकला.

चरित्रकार या बँडचं पुस्तक लिहीत होता, पण त्याचं खरं काम वेगळंच होतं. तो शाळेत असताना त्याचे वडील गेले. जो तो येऊन सांगायचा, रडू नकोस, आता घरातला मोठा तूच. तो रडला नाही. त्या कॅसेटमधला आवाज मात्र त्याच्या वतीने पोटातून ओरडला, आणि त्या आवाजाच्या आधाराने पोरगं तरलं. त्या आवाजाचे एकदा आभार मानायचे होते. महिनाभर मुलाखती झाल्या, पण दर वेळी तो भलताच प्रश्न विचारून उठायचा. आज शवागारचा शेवटचा कार्यक्रम होता. आज राहिलं ते कायमचंच राहणार.

वरच्या खोलीत अस्वल आइस्क्रीम खात बसला.

“अहो, आता गायचंय ना तुम्हाला?”

“माझ्या घशाला काय धाड भरलीय?”

“बरं, एक सांगा. हा आवाज आला कुठून?”

“सगळं घरचंच. पहिली कॅसेट आमच्या स्वयंपाकघरात झाली. आई नसती तर आमचा बँड तेव्हाच गुंडाळला असता.”

मुलगा असावा तर असा, चरित्रकाराला वाटलं. तो म्हातारीकडे वळला.

“मावशी, तुम्हाला सोसतो का हो एवढा गोंगाट?”

म्हातारी हसली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं.

“तिला बोलायला लावू नका,” अस्वल घाईने म्हणाला. “सकाळपासून खोकतेय. डॉक्टरांनी बोलणं बंद केलंय.”

“मग घरी पडून राहायचं ना!”

“मी तेच म्हणालो. असे डोळे वटारले म्हणून सांगू!”

त्याने तिला कोमट पाणी दिलं, मफलर नीट गुंडाळला. ड्रमवाला दारातून डोकावला. “मावशी बऱ्या आहेत ना?” मागोमाग गिटारवाला तेच विचारून गेला. हातभर गोंदवलेले हे दांडगट म्हातारीपुढे अगदी गरीब गाय झाले होते.

शेवटी चरित्रकाराने मनाचा हिय्या केला. वडील, कॅसेट, न आलेलं रडू, सगळं एका दमात बोलून टाकलं. “तुमच्या त्या आवाजामुळे मी आज उभा आहे,” तो म्हणाला.

अस्वलाचे कान लाल झाले. “आईच्या देखत बोललात, फार बरं केलंत,” एवढंच पुटपुटून तो केस विंचरायला लागला.

चरित्रकार हिरमुसला. इतक्या वर्षांचं साठवलेलं बोलून दाखवलं आणि या गृहस्थाने साधा हातही धरला नाही! म्हातारीचे डोळे मात्र डबडबले होते. तिने त्याला जवळ ओढलं आणि पोटच्या पोराच्या फिरवावा तसा त्याच्या गालावरून हात फिरवला. निदान हिला तरी कळलं, असं म्हणत त्याने स्वतःची समजूत घातली.

घंटा झाली. उंच स्पीकरांच्या आड म्हातारी बसली, तिच्याशेजारी चरित्रकार उभा राहिला. ड्रम कडाडले. हजार गळे ‘अस्वल, अस्वल’ ओरडले. अस्वल उजेडात गेला, त्याने केस तोंडावर सोडले, माइक मुठींत झाकला आणि हळूच मागे वळून पाहिलं.

म्हातारीने मान डोलावली, पिशवीतून दुसरा माइक काढून ओठांशी धरला आणि कॅसेटमधल्या त्या आवाजात गुरगुरली.