पाव गोळी

"मुलाला ॲस्पिरिन दिली होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मोहिरानं काचेकडे नजर वळवली.

काचेपलीकडे सरदोर निपचित पडला होता. पाच वर्षांचं पोर. सकाळी त्यानं आईलाच ओळखलं नव्हतं; तिनं कडेवर घेतलं तर तिच्या दंडाला कडकडून चावला होता. आता हाक मारली तरी पापणी हलत नव्हती. मोहिराचा नवरा अन्वर भिंतीला टेकून उभा होता आणि उत्तरासाठी बायकोच्या तोंडाकडे बघत होता.

दिली होती. तिनंच दिली होती.

सरदोरनं बालवाडीतून फ्लू आणला, तेव्हा मोहल्ल्यातली नर्स घरी येऊन बजावून गेली होती. तापाचं सिरप द्या, ॲस्पिरिन मात्र मुलाला अजिबात देऊ नका. तिची पाठ वळताच सासूनं, साओदतनं, नाक मुरडलं. आपली चार पोरं आपण याच गोळीवर वाढवली, हल्लीच्या पोरी बाटलीवरचं वाचून आया होतात, असं बरंच काही ती बोलली. मोहिरानंही तोंडावर सांगितलं, की माझ्या मुलाला ही गोळी द्यायची नाही. मर्गिलान शहरातल्या त्या गल्लीत सुना सासूशी अशा बोलत नाहीत. त्यानंतर घरात अबोलाच होता.

मग सिरप संपलं. सकाळी पोर तंदूरसारखं तापलेलं, औषधाचं दुकान अजून बंद, आणि रेशमाच्या मागावर कामाला उशीर झाला तर मुकादम दारातूनच परत पाठवणार. ॲस्पिरिन घरात होतीच. टोमॅटोच्या बरण्या टिकाव्यात म्हणून लोणचं घालताना लागते. मोहिरानं पाव गोळी कुटली, रास्पबेरीच्या मुरंब्यात कालवली आणि चमच्यानं भरवली. संध्याकाळी येऊन बघते तर ताप उतरलेला. मग दुसऱ्या दिवशीही दिली, तिसऱ्या दिवशीही. सिरप आणायचं रोज राहून गेलं. सासूला तिनं पत्ता लागू दिला नाही. जी गोळी आपण भांडून बंद केली तीच आपण देतोय, हे कळलं असतं तर म्हातारीनं जन्मभर ऐकवलं असतं.

पोर हिंडायला-फिरायला लागलं. आणि मग एकाएकी ओकाऱ्या सुरू झाल्या.

"सांग की त्यांना, नाही दिली म्हणून," अन्वर म्हणाला.

मोहिरानं तोंड उघडलं. पण शब्द आला तो मागच्या बाकावरून.

"मी दिली," साओदत म्हणाली.

मान खाली घालून तिनं सगळं सांगितलं. पाव गोळी, कुटून, मुरंब्यात घालून. मोहिरा चमकून मागे वळली. म्हणजे हिनं आपल्याला पाहिलं होतं. पाहून गप्प राहिली, आणि आता नवऱ्यासमोर सून उघडी पडू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की रक्तात त्याहून बरीच जास्त दिसतेय, नीट आठवून सांगा. म्हातारी पावच म्हणत राहिली. फ्लूच्या तापात मुलांना ही गोळी थोडीसुद्धा देऊ नये, यकृतावर आणि मेंदूवर बेततं, असं बाई सांगत होत्या. अन्वरला ते ऐकू येत नव्हतं. तो आईकडे बघत होता. ती नजर मोहिरानं पाहिली आणि तोंड मिटून घेतलं.

सरदोर दुसऱ्या दिवशी गेला.

अन्वर आईच्या हातचा चहा घेईनासा झाला. ती अंगणात आली की तो उठून आत जाई. भेटायला आलेल्या बायका मोहिराच्या गळ्यात पडून रडत आणि साओदतच्या अंगावरून पुढे जात. "म्हातारीनं नातू खाल्ला," असं एकजण दुसरीच्या कानात म्हणाली, ते मोहिराला स्पष्ट ऐकू आलं. तिनं त्या बाईच्या पेल्यात चहा ओतला आणि पुढच्या पेल्याकडे वळली. रात्र झाली की तिला स्वतःची शिसारी येई. सगळ्यांच्या नकळत ती सासूला गरम जेवण नेऊन देई, तिचे पाय दाबी.  एकदा म्हातारीनं सुनेचा हात घेऊन डोळ्यांना लावला.

सरदोरच्या चाळिसाव्या दिवसाचा पुलाव वाटून झाला. लोक पांगले. साओदत अंगणात एकटीच नळाखाली कढई घासत बसली होती. मोहिरा तिच्यासमोर जाऊन बसली. आज अन्वरला सगळं सांगायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण त्याआधी या बाईचे पाय धरायचे होते.

"आई, बास झालं आता. माझं पाप तुम्ही किती दिवस वाहणार? मी सांगते त्यांना."

"तुझं कसलं पाप?" म्हातारीनं विचारलं.

मोहिरानं सांगितलं. रोज सकाळी, कामावर निघण्याआधी, पाव गोळी. साओदतचा घासणारा हात थांबला. नळ तसाच वाहत राहिला. ती सुनेकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला.

"मला वाटायचं, तू मला क्षमा केलीस म्हणून पाय दाबतेस," ती हळूच म्हणाली. "मी तुझं काहीच अंगावर घेतलं नव्हतं, पोरी. तू कामावर गेलीस की मी देत होते."