रोजच्या तीन लिपस्टिक

विधवा सुनेच्या पत्राला त्र्यंबकरावांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. “बाबा, रोज लावायला तीनच लिपस्टिक घेईन म्हणते. चालेल ना?” परवानगी देणारे आपण कोण, हेच कोडं त्यांना सुटेना. परवा नात्यातल्या एका बारशाला ती कोरड्या ओठांनी आली, तेव्हा आपलं मौन तिला नकार वाटल्याचं त्यांना उमगलं.

दुकानात ढीगभर छटा पाहून ते गोंधळले.

“आजोबा, आजी गोऱ्या की सावळ्या?” विक्रेतीने विचारलं.

“सुनेसाठी हवंय. सावळी आहे. मला यातलं कळत नाही हो.”

“असा सासरा मलाही बघा ना!” म्हणत तिने विटकरी, गुलाबी, जांभळट काढून दिल्या.

घरी चार कागद फाडून त्यांनी लिहिलं, “मुक्ता, तू मला विचारायची गरजच नव्हती.”

पार्सल पोस्टाच्या खिडकीतून आत गेलं, तरी लालही घ्यायला हवी होती का, हे त्यांना कळेना.