पोरीचा निकाल

हानाला जर्मनीहून अमरावतीत येऊन दोन वर्षं झाली होती. नर्सिंग शिकलेल्या मुलींना ती जर्मन शिकवायची. पास होणाऱ्यांना तिकडच्या दवाखान्यांत नोकरी मिळायची. भाजी ती बाजारातल्या माणिकबाईकडूनच घ्यायची. माणिकबाईची मुलगी प्रतीक्षा हानाच्याच वर्गात होती. निकालाच्या आदल्या दिवशी पिशवीत वांगी टाकताना माणिकबाई हळूच म्हणाली, "म्याडम, पोरीले नापास करून टाका. एकुलती एक हाये. गेली तं वापस येत नाई." हानाला खोटं बोलवेना. "मावशी, ती वर्गात पहिली आलीय." माणिकबाईनं मेथीवर पाणी शिंपडलं. मग म्हणाली, "तुमी घरून निघाल्या, तवा तुमची माय काय म्हणे?" "काहीच नाही. सोडायलाच आली नाही." माणिकबाईनं ओले हात पदराला पुसले. "मी मातर जाईन सोडाले. तिकडं थंडी किती असते, तेवढं सांगा."